अकरा नंबरची खुर्ची

स्पेनमधल्या हेरेस गावी, आमच्या सांतियागो भागात भर रस्त्यात उभं राहून कुणी 'माएस्त्रो', म्हणजे उस्ताद, अशी हाक मारली, तर आठ गिटारवाले वळून बघतात. नववा मी. मी वळत नाही, कारण मला हाक ऐकूच गेलेली नसते. मी चालता चालता मोजत असतो.

माझं नाव फेर्मिन कार्पिओ, वय चोपन्न. गेली वीस वर्षं मी एकच गोष्ट ठासून सांगत आलो होतो, की लोकांना अवघड ताल मनापासून आवडतो, फक्त त्यांना तो कुणी नीट ऐकवत नाही. नीट ऐकवणारा कोण, हे मी स्वतःच्या तोंडानं म्हणत नसे. समोरच्याला ते आपोआप कळावं, एवढी सोय करून ठेवत असे.

आमच्या गावाचा ताल बुलेरिया. बारा मात्रा. इथल्या बायका भाजीच्या रांगेत उभ्या असतात तेव्हा पिशवीच्या बंदावर बोटांनी तो वाजवत असतात, आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. माझ्या बुलेरियात मात्र त्या बारा मात्रांमध्ये पाच-पाचचे गट बसवलेले होते, मध्येच सातचा एक गट लपवलेला होता, आणि सम आली की मी हात आखडता घ्यायचो. ऐकणाऱ्यानं ती शोधावी, हा हेतू. लोक शोधायचे. थोडा वेळ शोधायचे आणि मग उठून बारकडे जायचे. तिथं त्यांना हवं ते लगेच सापडायचं.

माझी बायको रेयेस सरकारी दवाखान्यात फुप्फुसांच्या विभागात काम करते. लोकांना नळीत फुंकायला लावायचं आणि किती फुंकलं ते बघायचं, हे तिचं काम. माझ्या वाजवण्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नव्हती. ती समजून ऐकते, असा माझा समज होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्या फ्लामेन्को मंडळात एक बाई आली. मंडळ म्हणजे वाइनच्या जुन्या कोठारातली एक लांब खोली, पन्नासेक खुर्च्या, एक बार आणि भिंतीवर थोर कलावंतांचे फोटो. माझा फोटो तिथं अजून नाही. त्यासाठी आधी मरावं लागतं, म्हणून मीही घाई केलेली नाही. बाईचं नाव निएवेस किंतानिया. ग्रानादाकडची, तिशीतली, विद्यापीठात संशोधन करणारी. तालातला गुंता माणसाला कुठपर्यंत आवडतो आणि कुठून नकोसा होतो, हे तिला मोजायचं होतं.

"एकच चाल सहा प्रकारांनी वाजवून हवी आहे," ती मला म्हणाली. "पहिला नमुना एकदम साधा. मग दर वेळी थोडा गुंता वाढवायचा. सहावा जमेल तितका अवघड."

"जमेल तितका?"

"हो."

"नीट विचार करून बोला हं."

ती हसली. मी हसलो नाही.

"पण माझंच नाव कुणी सुचवलं?" मी विचारलं. मला ते ऐकायचंच होतं.

"आधी दोघांना विचारलं होतं. त्यांना वेळ नव्हता."

पहिले पाच नमुने मी एका सकाळी उरकले. पहिला तर वाजवताना मी खिडकीतून समोरच्या बाईशी तिच्या मांजराबद्दल बोलत होतो. तो आवाज नंतर काढून टाकावा लागला. दुसरा, तिसरा, चौथा ठीकठाक. पाचव्याला थोडं लक्ष दिलं. आणि सहाव्याला लागले अकरा दिवस.

हे अकरा दिवस मी न्हाणीघरात काढले. तिथं आवाज चांगला घुमतो. टबच्या काठावर बसून, पायाशी आकडे लिहिलेला कागद ठेवून मी वाजवायचो. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

"अरे, झालं का?" रेयेस दाराबाहेरून विचारायची.

"मधे बोलू नकोस! सातव्या मात्रेवर आहे!"

"मला आठ वाजता ड्यूटी आहे, फेर्मिन. तुझ्या सातव्या मात्रेवर मी तोंड धुऊ का?"

शेवटी ती शेजारणीकडे जाऊन आवरायला लागली. शेजारीण मला जिन्यात भेटली की सहानुभूतीनं बघायची. बाथरूमला जायची काहीतरी तक्रार असेल, असा तिचा समज झाला होता.

ऐकण्याचा कार्यक्रम रविवारी दुपारी बारा वाजता ठरला. कार्यक्रमानंतर गरम बेर्सा, म्हणजे चण्यांचा रस्सा, आणि नवी वाइन मिळणार असं कळल्यामुळे एकतीस जण आले. प्रत्येक खुर्चीखाली नंबर चिकटवलेला होता आणि प्रत्येकाच्या हातात एक डबी, तिच्यावर फिरवायचं बटण. आवडलं तर शंभरकडे, नाही आवडलं तर शून्याकडे.

"दोनच नियम आहेत," निएवेस म्हणाली. "'ओले!' अशी दाद द्यायची नाही. आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एखाद्याला तपासणीसाठी कपडे काढायला सांगितल्यावर तो बघतो तसे.

"पोरी," तिओ बेर्नाबे म्हणाले, "टाळ्या नाहीत म्हणजे किती नाहीत?"

तिओ बेर्नाबे कुणाचे काका नाहीत, पण सगळं मंडळ त्यांना तिओच म्हणतं. वय एक्याऐंशी. वाइनची पिंपं बांधण्यात चाळीस वर्षं गेली. हातोडा घेऊन पिंपाभोवती फिरत लोखंडी कडी ठोकायची, हे काम त्यांनी बुलेरियाच्या तालातच केलं, असं म्हणतात. एक कान त्या ठोकाठोकीत गेला. उरलेला कान मात्र साऱ्या गावाला पुरून उरतो.

"अजिबात नाहीत, तिओ," निएवेस म्हणाली. "एकाची टाळी ऐकून दुसऱ्याचं मत बदलतं."

"मग डावा हात मी मांडीखाली घेऊन बसतो," ते म्हणाले. "त्याचा भरवसा नाही."

वाजवणाऱ्यानं ऐकणाऱ्यांत बसायचं नाही, हे मला तिनं आधीच बजावलं होतं. पण एक सभासद तापानं आला नव्हता. निएवेस वायरींकडे वळली तशी मी पहिल्या रांगेतल्या त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसलो. नंबर अकरा. मी तटस्थपणे ऐकणार होतो.

नमुने उलटसुलट क्रमानं लावले होते. आधी तिसरा, मग पहिला, मग पाचवा. मी तटस्थपणे त्यांना तीस-तीस दिले. मग स्पीकरमधून खाकरण्याचा आवाज आला. ते खाकरणं माझं होतं, आणि ते सहाव्याच्या सुरुवातीचं होतं. पहिला सूर यायच्या आत मी बटण शंभरवर नेऊन ठेवलं आणि बोट काढून घेतलं.

मग मी हळूच वळून लोकांचे चेहरे पाहिले. तिओ बेर्नाबेंनी डोळे गच्च मिटले होते, कपाळावर आठ्या होत्या. तल्लीन झाले आहेत, असं मी धरून चाललो. दाराजवळ दोघे छताकडे बघत होते. तेही तल्लीन.

पुढच्या शनिवारी निएवेस निकाल दाखवायला आली. बारवर तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक टेकडी होती. पहिल्या नमुन्यापासून चढत रेषा तिसऱ्या-चौथ्यापाशी माथ्यावर जात होती, मग उतरत होती.

"लोकांना गुंता आवडतो," ती म्हणाली.

"बघा!"

"एका हद्दीपर्यंत."

"आणि सहावा कुठे आहे?"

त्यासाठी तिला पडदा खाली सरकवावा लागला.

"एक गंमत झाली," ती म्हणाली. "अकरा नंबरची खुर्ची बाद करावी लागली. सहावा नमुना सुरू व्हायच्या चार सेकंद आधीच तिथं शंभर झाले होते. बटण बिघडलं असणार."

"असेल," मी म्हणालो. "यंत्रांचा काय नेम."

"आणि ही बघा एकोणीस नंबरची खुर्ची. बाकीच्या पाच नमुन्यांना छान गुण दिलेत. सहाव्याला मात्र दहाव्या सेकंदाला थेट शून्य, आणि शेवटपर्यंत शून्य. असं कुणीच केलं नाही."

"कोण बसलं होतं तिथं?"

"नावं मी घेतलीच नव्हती. आणि घेतली असती तरी सांगितली नसती."

टेकडी मी मान्य करायला तयार होतो. संशोधन आहे, चूक होऊ शकते. पण ते शून्य माझ्या डोक्यातून जाईना. अकरा दिवस टबच्या काठावर बसून माझ्या मांडीला कायमची घडी पडली होती, आणि एका माणसानं दहा सेकंदांत निकाल लावला होता! खाटीक लेआंद्रोवर माझा पहिला संशय गेला, कारण तो माझ्या वाजवण्याच्या वेळी हमखास जांभई देतो. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, मांसही दुसरीकडून आणलं. मग कळलं की त्या रविवारी तो मालागाला बहिणीकडे होता.

शेवटी मी तिओ बेर्नाबेंकडे गेलो. ते अंगणात उन्हात बसून संत्रं सोलत होते.

"तिओ, खरं सांगा. त्या रविवारी तुम्ही शून्य दिलंत का?"

"कशाला?"

"सहाव्या नमुन्याला. ते... गुंतागुंतीचं होतं ते."

"हां, ते!" त्यांनी एक फोड मला दिली. "मला वाटलं, कुणीतरी गिटार घेऊन जिन्यावरून पडतोय. पण प्रत्येक पायरीवर आपटत होता, एकही सोडत नव्हता. म्हणून मी चाळीस दिले. बिचाऱ्यानं फार कष्ट घेतले होते."

"तो बिचारा मी होतो, तिओ."

"ते मला कळलं होतं. एरवी मी वीस दिले असते."

मी संत्र्याची फोड हातात धरून उभा होतो. "मग एकोणीस नंबरवर कोण होतं?"

"माझी अठरा. निघताना खुर्ची उचलली तेव्हा खाली लिहिलेलं दिसलं. डावीकडे भिंत." मग ते दुसऱ्या फोडीचे धागे नको इतके काळजीपूर्वक काढू लागले. "उजवीकडे तुझी रेयेस होती. अगदी शेवटच्या क्षणी आली, आणि पुढच्या धिप्पाड माणसाआड मिळाली त्या खुर्चीवर बसली."

घरी गेलो तेव्हा रेयेस इस्त्री करत होती. मी कोट न काढताच विचारलं, "शून्य दिलंस?"

तिनं न कळल्याचं नाटक केलं नाही. "दिलं."

"बावीस वर्षं माझ्याशी संसार केलास."

"म्हणूनच कळलं की तू आहेस. ते खाकरणं ऐकलं ना."

"म्हणजे मी आहे हे कळल्यावर शून्य दिलंस!"

तिनं इस्त्री उभी ठेवली. "फेर्मिन, तू मोजायला लागलास की श्वास धरतोस. न्हाणीघरात मी दाराबाहेर उभी असायची ना टॉवेल घेऊन, तेव्हा तेच ऐकायची. गिटार चाललीय, चाललीय, आणि आत माणूस श्वासच घेत नाहीये. मग मध्येच एक 'हं' यायचा, बुडणाऱ्यासारखा. रविवारी ते सगळं स्पीकरमधून मोठ्यानं ऐकू आलं. सत्तावीस सेकंद, मी घड्याळ बघितलं. दवाखान्यात कुणी असं केलं तर मी म्हणते, सोडा आता, झालं, सोडा."

"पण त्याचा बटणाशी काय संबंध?"

ती थोडी लाजली. "मला वाटलं, शून्य केलं की ते थांबेल."

"ते रेकॉर्डिंग होतं, रेयेस."

"माहीत आहे. तरी वाटलं."

मी जेवलो नाही, म्हणजे तिच्यासमोर जेवलो नाही. दोन दिवस मी घरात दुखावलेल्या कलावंतासारखा वावरलो. कलावंत दुखावला आहे हे कुणाच्याच लक्षात येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं, इयरफोन कानात घालून. सूर सोडून फक्त माझा श्वास ऐकला. रेयेस सत्तावीस म्हणाली होती. मला एकोणतीस भरले.

मी गिटार उचलली आणि तिओ बेर्नाबेंच्या अंगणात गेलो.

"सहावा वाजवतो," मी म्हणालो. "तुम्ही टाळ्या द्या. जिथं अडेल तिथं थांबवा."

"आज कुठली परीक्षा आहे का?"

"नाही."

"मग दे सुरुवात."

त्यांनी मला चौथ्याच सेकंदाला थांबवलं. मग नवव्या सेकंदाला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "इथं मी कुठं जायचं?"

"तीच तर गंमत आहे, तिओ. ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही."

"गंमत तुला. मी दाराबाहेर. आत जेवण चाललंय, वास येतोय, आणि तू कडी लावून बसलायस. हे पाचाचं काय ते एकदाच कर. दोनदा केलंस की मला वाटतं माझ्यावर चिडलायस."

मी पाचाचा एक गट काढला. जीव तुटला, पण काढला. सातचा गटही गेला. पाच दिवस रोज सकाळी आम्ही तसे बसत होतो. ते "हे काढ" म्हणायचे, मी भांडायचो, मग काढायचो. कधी कधी ते काढायला सांगत आणि मी वाजवून दाखवल्यावर म्हणत, "नको, ते परत घाल, आता पुळचट झालं." एकदा अर्धा तास आम्ही एका मात्रेवरून भांडलो, आणि त्यांची सून आतून ओरडली, "गेली ती मात्रा! आता तरी जेवायला या!"

एक गोष्ट मात्र मी स्वतःहून काढायला निघालो, तर त्यांनी हात धरला. सम आली की मी तिथं काहीच वाजवत नसे, ती गोष्ट.

"ते ठेव," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, दाराबाहेर ठेवतो म्हणून?"

"इथं नाही ठेवत. आधीचं सगळं आता सरळ येतंय ना, त्यामुळे मला कळतं की आता ती येणार. तू वाजवत नाहीस, मग मी वाजवतो." त्यांनी ती एकच टाळी दिली, कोरडी, खणखणीत, पिंपावर हातोडा पडावा तशी. "ही माझी. हिला हात लावायचा नाही."

डिसेंबरात मंडळाचं वार्षिक जेवण होतं, दुपारचं. सूप होऊन मुख्य पदार्थ यायच्या मधल्या वेळात मला वाजवायला सांगितलं. ही वेळ नेहमी मलाच देतात, कारण तेव्हा कुणी उठून जात नाही. मी खुर्चीवर बसलो. समोर रेयेस होती, तिनं आपल्या छातीवर हात ठेवून मला खूण केली, श्वास घे. मी घेतला.

पहिल्या फेरीत लोक सुपाच्या ताटल्या सरकवत होते. सम आली, मी हात उचलला, आणि तिथं एकट्या तिओंची टाळी पडली. दुसऱ्या फेरीत दहा-बारा जणांची. तिसऱ्या फेरीला सम आली तेव्हा अख्ख्या खोलीची टाळी एका क्षणी पडली. चमचे, टेबलं, स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आचारीण, सगळ्यांची मिळून एकच. वीस वर्षं मी ती जागा रिकामी ठेवत होतो, आणि तिथं कुणी आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला इतका धक्का बसला की पुढचे तीन सूर मी वाजवलेच नाहीत.

"ओले!" मागून कुणीतरी ओरडलं. ते तीन सूर मी मुद्दाम सोडले असं त्यांना वाटलं. लेआंद्रो खाटीकही ओरडला. मी तो समज दूर केला नाही.

नंतर रेयेसला विचारलं, "कसं झालं?"

"श्वास घेत होतास," ती म्हणाली. "तोंड उघडं होतं, पण घेत होतास."

वसंतात निएवेसचा शोधनिबंध छापून आला. तिनं एक प्रत पाठवली. त्यात माझं नाव असेल म्हणून मी ती बारवर नेऊन सर्वांसमोर उघडली. नाव नव्हतं. 'एक अनुभवी वादक' एवढंच होतं. तळाशी बारीक अक्षरांत अकरा क्रमांकाच्या खुर्चीतलं सदोष उपकरण वगळल्याचं लिहिलं होतं. म्हणजे त्या निबंधात मी दोनदा होतो, तिथल्या कुणापेक्षाही जास्त. पण हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मी सुधारलो, असं मात्र कुणी समजू नये. आता मी साधेपणाबद्दल बोलतो. समेची जागा ऐकणाऱ्यासाठी मोकळी कशी सोडावी, त्यात किती संयम लागतो, तो आजकालच्या वादकांत कसा नाही, हे मी माझ्या शिकवणीत सविस्तर समजावून सांगतो. रेयेसचं म्हणणं आहे की आधीचं अवघड परवडलं, ते निदान दीड मिनिटात संपायचं.

परवा एक नवीन शिष्या आली. हॉलंडची, दातांची निवृत्त डॉक्टर, नाव हान्नेके. तिला मी पहिल्याच दिवशी सम म्हणजे काय ते सांगायला घेतलं. तिओंची पिंपं सांगितली, टेकडी सांगितली, कमी वाजवण्यातली श्रीमंती सांगितली. ती गिटार मांडीवर घेऊन नम्रपणे ऐकत होती. चाळीस मिनिटांनी तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"माएस्त्रो," ती म्हणाली, "आता एखादा सूर वाजवू का?"